दोन दाखल्यांची पोर

दिवाळी उलटून आठ दिवस झाले, की आमच्या शिवाराचा वास बदलतो. चिखलाचा वास सरतो आणि कापलेल्या भाताच्या खोडांतून एक गोडसर, थोडा कोंदट वास यायला लागतो. डोळे बांधून मला कुणी शेतात आणून उभं केलं तरी मी सांगेन, की कापणीचा आज कितवा दिवस आहे. पहिल्या दिवशी वास हिरवा असतो, तिसऱ्या दिवशी पिवळा. हे मला शाळेत कुणी शिकवलं नाही. शाळेत मी होतोच किती? तिसरीत मास्तरांनी कान पिळला, म्हणून मी पाटी बांधावर ठेवली ती ठेवलीच. पण अक्षर येतं. आणि आपल्या मनातलं दुसऱ्याच्या हातून लिहून घ्यायची मला सवय नाही.

यंदा गुडघे वाकत नाहीत. मुलगा कापतो, मी बांधावर बसून त्याच्या चुका काढतो. तो ऐकून घेतो, आणि करायचं तसंच करतो. मग मी गप्प बसतो, आणि गप्प बसलं की सहा वर्षांपूर्वीची ती एकच कापणी डोळ्यांपुढे येते. तेव्हापासून पाच हंगाम झाले, एकाचीही अशी आठवण नाही.

त्या वर्षी माझी नात नऊ वर्षांची होती आणि तिची आई तिला घेऊन मस्कतला जायला निघाली होती.

माझा मुलगा सुरेश आणि सून सहा वर्षं वेगळे राहत होते. सुरेश माझ्याजवळ, शहापूर तालुक्यात, रोज भातसानगरला धरणाच्या कामावर जाऊन-येऊन. सून मुरबाड तालुक्यात, सिद्धगडाच्या अंगाला, आपल्या बापाच्या घरी. वेगळे का झाले, हे गावात दहा जण दहा प्रकारे सांगतात. मी अकरावा, पण मला खरं ठाऊक आहे. तिला नर्सचं शिकायचं होतं. सुरेश हो म्हणत होता, मी नाही म्हणत होतो. माझ्या घरची सून रातपाळीला जाणार नाही, असं मी एकदा बोललो, आणि बोललो म्हणून बोलतच राहिलो. एक दिवस ती तीन वर्षांची पोर कडेवर घेऊन मुरबाडच्या एसटीत बसली. तिथे राहून तिने शिकून घेतलं, कल्याणला नोकरी केली, आणि आता मस्कतच्या एका दवाखान्याचं बोलावणं आलं होतं.

सुनेवर माझा राग होता. पण जळत होतो मी व्याह्यावर.

व्याही म्हणजे सुनेचा बाप. माझ्याच वयाचा, पण ताठ. डावऱ्या हाताचा. कोयता डाव्या हातात धरून असा सपासप कापायचा, की शेजारी कापणारा लाजावा. सोयरीक झाली त्या पहिल्या वर्षी माझ्या पायात काटा भरला होता, तर हा माणूस न बोलावता दोन गडी घेऊन आला आणि चार दिवसांत माझं शेत मोकळं करून गेला. सगळा गाव त्याला वाखाणत होता. मी उंबऱ्यावर पाय वर करून बसलेला. त्याच्यावरचा माझा पहिला राग तो. पुढे पोर त्याच्या घरी वाढायला लागली आणि रागाचं दुसरंच काहीतरी झालं.

कारण पोर त्याला नुसतं 'आबा' म्हणायची आणि मला 'शहापूरचे आबा'. त्याला गाव जोडायची गरज नव्हती. तो तिचा आबाच होता. मी पाहुण्यासारखा, पत्ता सांगितल्याशिवाय ओळखू न येणारा.

दिवाळीच्या सुट्टीत आठ दिवस ती आमच्याकडे यायची. तेवढं दोन्ही घरांत ठरलेलं होतं. त्या आठ दिवसांची मी भाद्रपदापासून वाट बघायचो आणि ती आली की दुसऱ्याच दिवसापासून चिडायला लागायचो. कारण तिच्या प्रत्येक वाक्यात तो असायचा. आबा नदीत असं पोहतात, आबांना पाखराचं नुसतं ओरडणं ऐकून नाव सांगता येतं, आबांचं खळं याच्यापेक्षा मोठं आहे. खळं मोठं आहे, हे मला माहीत होतं. ते मी स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलं होतं आणि घरी येऊन सारवणात दोन हात वाढवले होते. तरी ते त्याच्यापेक्षा लहानच राहिलं.

त्या वर्षी ती आली तेव्हा भारे बांधायचं काम चालू होतं. कापलेल्या मुठी दोन दिवस उन्हात वाळल्या, की त्यांचा भारा करायचा. भाऱ्याला दोरी लागत नाही. भाताच्याच काड्या घ्यायच्या, त्यांना पीळ द्यायचा आणि त्याच बंधाने आवळायचं. मी बंध वळत होतो. ती माझ्याशेजारी उकिडवी बसली, दोन काड्यांच्या जुड्या घेतल्या आणि भराभर पीळ देऊन एक भारा बांधून दाखवला. घट्ट, नीट. मी बघितलं, तर पीळ उलटा. आम्ही उजवीकडे वळतो, तिचा डावीकडे गेलेला. उजव्या हाताची पोर, पण शिकवणारा डावरा. तिला त्याचाच हात आला होता.

"कसा बांधलाय, आबा?" तिने विचारलं.

"सुटेल," मी म्हणालो.

सुटण्यासारखा तो नव्हता. मी स्वतः तो सोडला. तिच्या डोळ्यांदेखत काड्या मोकळ्या केल्या आणि उजव्या पिळाने पुन्हा आवळल्या.  ती उठून पाण्याच्या कळशीकडे गेली आणि परत आली ती सुरेशच्या शेजारी बसली. त्या दिवशीचं ऊन मला आठवतं, पाठीवर तव्यासारखं. ती तिकडे बसली त्यानंतरचं तर जास्तच.

आता दाखल्याचं सांगतो, नाहीतर पुढचं कळायचं नाही.

आमच्याकडे पहिलं बाळंतपण माहेरी. पोर मुरबाडला व्याह्याच्या घरात जन्मली. बारशाला मी माझ्या मुलीला पाठवलं होतं, कारण नाव आत्याने ठेवायचं. माझ्या आईचं नाव भागीरथी. तेच ठेव, असं मी तिला तीनदा सांगितलं होतं. तिने पाळण्याशी वाकून कानात सांगितलं 'प्राजक्ता'. बाळंतिणीला तेच हवं होतं, म्हणे. माझी स्वतःची मुलगी तिकडे जाऊन तिकडची झाली. व्याह्याने त्याच्या ग्रामपंचायतीत प्राजक्ता म्हणून जन्माची नोंद केली. मी ऐकलं, डोक्याला फेटा गुंडाळला आणि आमच्या ग्रामपंचायतीत गेलो. तेव्हाचा ग्रामसेवक ओळखीचा. मी सांगितलं, माझ्या घरात नात झाली, नाव भागीरथी. त्याने विचारलं नाही आणि मी थांबलो नाही. एका पोरीचा जन्म दोन तालुक्यांत झाला. मी तो दाखला पत्र्याच्या पेटीत ठेवला आणि मला वाटलं, मी जिंकलो.

नऊ वर्षं तो कागद कुणाच्या उपयोगी पडला नाही. मग मस्कतचं निघालं.

पोरीचा पासपोर्ट काढायचा तर बापाची सही लागत होती. सही नसेल तर कोर्टाचा हुकूम लागत होता. सून स्वतः आमच्या दारात आली होती. चहा घेतला नाही, पण आवाज चढवला नाही. सुरेशला म्हणाली, तिकडे शाळा चांगली आहे, राहायला जागा मिळणार आहे, तुझी मुलगी तुझीच राहील. सुरेश माझ्याकडे बघायला लागला. मी त्याला सांगितलं, सही केलीस तर या घरात पाणी प्यायला येऊ नको. तो उठून गोठ्यात गेला. सून थोडा वेळ बसली आणि निघाली. दोन आठवड्यांत कल्याणच्या कोर्टाचा कागद आला.

सुनेला मस्कतला हजर व्हायला दीड महिना उरला होता. आमच्या वकिलाने सांगितलं, जिंकायची गरज नाही, नुसतं लांबवलं तरी पुरे, बोलावणं आपोआप रद्द होईल. लांबवायचं कशाने, असा प्रश्न निघाला तेव्हा मी पेटीतला दाखला काढून त्याच्यापुढे ठेवला. तो बघतच राहिला. म्हणाला, "बाबा, हे तुम्ही इतके दिवस कुठे लपवलं होतं?" त्याला तो खरा वाटला की नाही, मला माहीत नाही. मी कोर्टात शपथेवर सांगितलं, की पोर माझ्या घरात जन्मली. आता दोन्हींतला खरा कोणता हे ठरल्याशिवाय हुकूम निघणार नव्हता.

कोर्टात न्यायाधीश बाई होत्या. दोन दाखले समोरासमोर ठेवून त्यांनी चष्मा काढला आणि विचारलं, "मुलगी एक आहे की दोन?" मागच्या बाकावरचे हसले. व्याही हसला नाही, मीही नाही. मग त्यांनी पोरीला आत बोलावून एकटीला विचारलं. ती काय म्हणाली ते नंतर वकिलाने सांगितलं. म्हणाली, मुरबाडला मला प्राजू म्हणतात, शहापूरला भागी म्हणतात, कुणीही हाक मारली तरी मी जाते.

बाईंनी पुढची तारीख दिली आणि बजावलं, की तोवर खोटा कागद ज्याचा असेल त्याने मागे घ्यावा, नाहीतर चौकशी लावीन. वकील जरा घाबरला. मी घाबरलो नाही. मला जेलात टाका, तिथे काय भाकरी देत नाहीत? असं मी परतताना सुरेशला म्हणालो. तो खिडकीबाहेर बघत होता.

कोर्टात सारखं चाललं होतं, आईचा हक्क, बापाचा हक्क, मुलीचं हित. मी कान देऊन ऐकलं. आज्याचा हक्क एकदाही कुणाच्या तोंडून आला नाही. म्हणून मी बापाच्या हक्काआड उभा राहिलो होतो. हक्क सुरेशचा, हट्ट माझा. आणि हट्ट तरी कशाचा? पोर मस्कतला जाऊ नये, हा नव्हे. व्याह्याच्या मुलीने ठरवलं आणि ते झालं, असं होऊ नये, हा.

झोडणी सुरू झाली होती. भारा पाटावर आपटला की दाणे उडतात, पायांवर, मानेवर, कानात. अंगाला खाज सुटते, घशात कुसळ जातं, आणि तरी त्या कामात एक सुख असतं. दुपारी भाकर खाऊन मी एकटाच खळ्यावर बसलो होतो. पेंढ्याच्या सावलीत कोंबड्या टिपत होत्या. बांधावरून कुणी येताना दिसलं. चालण्यावरून ओळखलं. व्याही.

सहा वर्षांत तो माझ्या हद्दीत आला नव्हता. वाटलं, आता पाया पडेल, सही मागेल. मी मनात वाक्य तयार ठेवलं. तो आला, खळ्याबाहेर वहाणा काढल्या, पेंढ्यावर टेकला. घाम पुसला. माझ्या भाताकडे बघून म्हणाला, यंदा दाणा भरलाय. मी म्हणालो, दर वर्षी भरतो.

"याही," तो म्हणाला, "एक मागायला आलोय."

"मागा."

"तुमचा तो दाखला मागं घेऊ नका."

मी त्याच्याकडे बघितलं. तो माझ्याकडे बघत नव्हता. हातात एक काडी घेऊन तिचे तुकडे करत होता.

"माज्या पोरीनं जागून-जागून कोर्स केलाय," तो म्हणाला. "तिला मी कुठल्या तोंडानं बोलू, जाऊ नको? मला नाय जमत. तुमी आडून बसा. तुमाला लोक तसंही हट्टी बोलतात, तुमचं काय जातं? तारीख निघून जाऊ दे."

त्याचा आवाज फुटला होता. खोटं कशाला सांगू, मला दया आली. नऊ वर्षं ज्याचा हेवा केला तो माणूस माझ्या खळ्यावर माझ्या हट्टाची भीक मागत बसला होता. त्या क्षणी मी हो म्हणालो असतो. आम्ही दोघांनी मिळून ती पोर ठेवून घेतली असती. मी फक्त एक गोष्ट विचारली.

"मग भागी राहील कुठं?"

"माज्याकडं," तो म्हणाला. विचार न करता, सहज. "आई एकटी जाईल दोन वर्सं. प्राजू माज्याकडं राहील. तुमच्याकडं येईल की दिवाळीला, येते तशी."

येते तशी.

मी त्याला पाणी दिलं. बघतो, म्हणालो. तो बराच हलका होऊन गेला. बांध उतरताना मागे वळून त्याने हातही केला. मी खळ्यावर बसून राहिलो.  मला सगळं दिसत होतं. ती त्याच्या नदीत पोहणार, त्याच्या पाखरांची नावं घेणार, त्याच्या खळ्यावर उलटा पीळ देणार. आणि हे सगळं माझ्या कागदाच्या जोरावर. माझ्या खोट्या शपथेवर त्याच्या घरात पोर नांदणार, आणि मला पुन्हा तेच आठ दिवस. गावाने मला नावं ठेवायची आणि सुख त्याने भोगायचं.

दुसऱ्या दिवशी सकाळी झोडणी टाकून मी ग्रामपंचायतीत गेलो. ग्रामसेवक नवा होता, कोवळा. त्याने जुनं रजिस्टर काढलं. मी सांगितलं, ही नोंद रद्द करायची. त्याने अर्ज लिहायला घेतला आणि विचारलं, "आजोबा, कारण काय लिहू?"

"मी खोटं सांगितलं होतं."

"चुकीनं नोंद झाली, असं लिहितो."

"चुकीनं नाय. जाणूनबुजून."

तो हसला आणि त्याने तरीही चुकीनेच लिहिलं. मी वाचून सही केली. पुढे तालुक्याला कागद जाऊन आला आणि नोंदीवर लाल रेघ पडली. माझ्या आईचं नाव त्या रेघेखाली गेलं. ते मी बघायला गेलो नाही.

अर्ज दिला त्याच दिवशी घरी येऊन सुरेशला म्हणालो, सही कर. तो झोडणीचा पाट धूत होता. हात पुसले, आत गेला आणि एक चौघडी केलेला कागद घेऊन आला. त्यात अटी लिहिल्या होत्या. दर रविवारी पोरीने बापाला फोन करावा. शाळेचं प्रगतिपुस्तक त्याला पाठवावं. दर दोन वर्षांनी महिनाभर तिला इकडे आणावं, अर्धा महिना मुरबाडला, अर्धा शहापूरला. अक्षर लहान, खाडाखोड केलेली. मी विचारलं, हे केव्हा केलंस?

"ती पहिल्यांदा दारात आली तेव्हाच," तो म्हणाला. "तुमी सही करू देत नव्हतात, बाबा."

इतके दिवस ज्याच्या हक्काआड मी उभा होतो, त्याने तो हक्क केव्हाच मोजून-मापून कागदावर उतरवला होता. आपल्या मुलीला जाऊ देऊनही तिचा बाप कसं राहायचं, हे त्याला कळलं होतं. मला त्याचाही हेवा वाटला. माझा हेवा असा सगळीकडे पसरलेला, शेतात लव्हाळा पसरतो तसा.

कोर्टाने त्याच अटी हुकमात घातल्या. गावात माझं नाव झालं. हट्टी म्हातारा शेवटी मोठ्या मनाने वागला, असं लोक बोलायला लागले. जायच्या आधी सून पोरीला भेटवायला घेऊन आली. तिने या वेळी चहा घेतला. निघताना वाकून माझ्या पायांना हात लावला आणि म्हणाली, "तुमच्यामुळं झालं, बाबा." मी तिच्या डोक्यावर हात ठेवला.  काय बोलणार? तुझ्या बापाला पोर मिळू नये म्हणून केलं, असं?

व्याही त्या दिवशी रस्त्याच्या पलीकडे गाडीपाशी उभा होता, आत आला नाही. मी दारातून त्याच्याकडे बघितलं. त्याने मान फिरवली. त्याला कळलं होतं. त्याच्या पोरीला कळलं नाही, गावाला कळलं नाही, कोर्टाला कळलं नाही. त्याला एकट्याला बरोबर कळलं होतं. मायलेकींना घेऊन गाडी विमानतळाकडे गेली. धूळ खाली बसेपर्यंत आम्ही दोघे आपापल्या जागी उभे होतो, रस्ता मध्ये. त्याच्या घरात आज रात्री पोर नसणार आणि माझ्याही नसणार. पहिल्यांदाच आम्ही सारखे झालो होतो, आणि मला बरं वाटलं. हे लिहिताना लाज वाटायला पाहिजे. मी वाट बघतोय, अजून वाटलेली नाही.

त्यानंतर ती दोनदा येऊन गेली. दोन्ही वेळा थेट माझ्याकडे आली. पहिला मान बापाच्या घराचा, असं मी सुरेशकडून कळवून ठेवलं होतं. प्रवासाने थकलेली, अर्धी झोपेत, आमच्या विहिरीचं पाणी तिला बाधायचं. जरा रुळायला लागली, भांड्यांच्या जागा तिला कळायला लागल्या, की पंधरा दिवस भरायचे आणि मुरबाडची गाडी यायची. उरलेले दिवस तिकडे. विमानाला सोडायला जायचा तोही व्याहीच.

आता ती पंधरा वर्षांची आहे. झोडणी संपता संपता यंदाही यायची आहे. गेल्या रविवारी सुरेशचं बोलून झालं, तेव्हा मी फोन मागून घेतला. तिला म्हणालो, या वेळी तू आधी मुरबाडला जा, तिकडचा म्हातारा थकलाय, वाट बघत असेल.  ती म्हणाली, आबा, तुम्ही किती चांगले आहात. दोन दिवसांनी व्याह्याचा निरोप आला. सहा वर्षांत पहिलाच. याहींना सांगा, फार बरं वाटलं.

वाटू दे. आधीचे पंधरा दिवस त्याने घ्यावेत. थकलेली, झोपाळलेली पोर त्याने सांभाळावी. शेवटचे पंधरा माझे. बॅग भरली जाईल ती माझ्या ओटीवर, आणि जाताना ती रडली, तर माझ्या अंगणात रडेल.